सोनचाफा : शहराजवळच्या थोड्या जमिनीचे पीक

(माजिवडा, ठाणे येथे शेतकरी व बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माजिवडा, बाळकुम, कोलशेत, ओवळा ही एकेकाळी भातशेतीची गावे. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली, रस्ते रुंदावले, इमारती उभ्या राहिल्या आणि एकरांत मोजली जाणारी शेती गुंठ्यांत मोजावी लागली. भिवंडी, कल्याण, शहापूर, मुरबाडकडच्या मंडळींकडे अजून शेती आहे, पण तेथेही वाटण्या होऊन तुकडे लहान झाले आहेत. त्यामुळे "पाच-सात गुंठे उरले आहेत, पाणी आहे, त्यात काय लावू?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. त्याला अनेक उत्तरे आहेत. त्यांपैकी सोनचाफा या एका उत्तराविषयी आज बोलावयाचे आहे.

सोनचाफा प्रत्येकाने लावावा, असे सांगण्यासाठी मी येथे आलेलो नाही. या पिकाच्या दोन अटी आहेत. पहिली अट झाडाची : त्याच्या मुळाशी पाणी साचता कामा नये आणि माती कोरडी ठणठणीत पडताही कामा नये. दुसरी अट फुलाची : पहाटे खुडलेले फूल सकाळीच बाजारात पोहोचले पाहिजे. या दोन्ही अटी पाळता येत असतील तर पाच गुंठेही पुरेसे आहेत. एक जरी पाळता येत नसेल तर पाच एकर असूनही उपयोग नाही.

कोणता चाफा?

आपल्याकडे चाफा हे नाव अनेक झाडांना आहे. देवळाच्या आवारातील जाड फांद्यांचा, चिकाचा पांढरा चाफा म्हणजे देवचाफा किंवा खुरचाफा. तो अमेरिका खंडातून आलेला आहे. त्याच्या मांसल फांद्यांत पाणी साठते, उन्हाळ्यापूर्वी तो पाने गाळतो आणि खडकाळ जागेतही तग धरतो. हिरवा चाफा, नागचाफा, कवठी चाफा, भुईचाफा ही आणखी वेगळी झाडे.

सोनचाफ्याचे शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपाका. जुन्या पुस्तकांत ते मायकेलिया चंपाका असे आढळेल. हे सदाहरित पावसाळी जंगलातले झाड आहे. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील जंगले, ईशान्य भारत आणि पुढे म्यानमार, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया असा त्याचा मुलूख. तेथे ते शंभर फुटांपर्यंत वाढते. ते देवचाफ्यासारखे पाने गाळून उन्हाळा काढत नाही. "चाफ्याला काय पाणी लागते?" असे म्हणून अनेकांनी देवचाफ्याच्या हिशोबाने सोनचाफा लावला आणि मार्च-एप्रिलमध्ये गमावला. नाव एक असले तरी स्वभाव वेगळा आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे.

जंगलाची शिकवण : हवामान व जमीन

ज्या जंगलातून हे झाड आले, तेथे पाऊस भरपूर पडतो, पण उतारामुळे पाणी मुळाशी थांबत नाही. जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर असतो, त्यामुळे पाऊस थांबला तरी ओल टिकते. रोपटी मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत वाढतात आणि नंतर डोके उन्हात काढतात. हवा दमट असते.

आता आपली परिस्थिती पहा. ठाणे परिसरात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पावसाची कमतरता नाही. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात खाचरात पाणी तुंबते आणि पुढील आठ महिने जमीन तडकते. सोनचाफ्याला या दोन्ही गोष्टी मारक आहेत. पावसाळ्यात मुळे गुदमरून कुजतात आणि उन्हाळ्यात उरलेली मुळे सुकतात. झाड मेलेले दिसते एप्रिलमध्ये, पण पुष्कळ वेळा त्याचे मरण जुलैतच सुरू झालेले असते.

म्हणून लागवडीसाठी उताराची, पाण्याचा चांगला निचरा होणारी, तांबूस किंवा मध्यम काळी जमीन निवडावी. भाताच्या खाचरात लावावयाचे असल्यास दीड फूट उंच व तीन फूट रुंद वरंबे करून त्यावर लागवड करावी आणि दोन वरंब्यांमध्ये बाहेर काढलेला चर ठेवावा. मुरूम, राडारोडा टाकून भराव केलेल्या जागेत थेट लागवड करू नये.

खाडीकाठच्या बांधवांना विशेष सूचना. खारी जमीन आणि मचूळ पाणी सोनचाफ्याला सोसत नाही. विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी मे महिन्यात तपासून घ्यावे, कारण पावसाळ्यात गोडे लागणारे पाणी उन्हाळ्यात बदलते. विद्युत वाहकता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर चिंता नाही. त्याहून बरीच जास्त असेल आणि दुसरे पाणी नसेल, तर सोनचाफ्याचा विचार सोडून द्यावा.

रोप की कलम?

सोनचाफ्याच्या फळातील बिया लाल गराने वेढलेल्या असतात. त्यांची उगवणशक्ती फार लवकर कमी होते. म्हणून गर धुऊन काढून बी ताजेच पेरावे लागते. अशा रोपाला फूल येण्यास सात ते दहा वर्षे लागतात आणि मातृवृक्षासारखेच फूल मिळेल याची खात्री नसते. फुलांच्या शेतीसाठी बियांचे रोप लावू नये. त्याचा उपयोग कलमासाठी खुंट म्हणून करावा.

चांगल्या, भरपूर फुलणाऱ्या झाडाच्या काडीपासून मृदुकाष्ठ किंवा भेट पद्धतीने तयार केलेले कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलू लागते, ठेंगणे ठेवता येते आणि वर्षातील बराच काळ फुले देते. सिंधुदुर्गातून पसरलेला वेलणकर सोनचाफा कोकणात या कारणानेच लोकप्रिय झाला.

कलम घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) जोड स्पष्ट दिसला पाहिजे. खुंट व काडी यांच्या सालीत फरक असतो. साध्या रोपाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून "कलम" म्हणून विकण्याचे प्रकार होतात. पट्टी सोडून जोड पाहावा.

२) जोडाच्या वरच्या भागाची नवी पालवी पक्व झालेली असावी.

३) पिशवीतून बाहेर आलेली, वळलेली मुळे नसावीत.

४) कलमावर एखादे फूल दिसले म्हणून भुलू नये. शक्य असल्यास रोपवाटिकेतील मातृवृक्ष फुललेला पाहावा.

५) शासनमान्य किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून कलमे घ्यावीत व पावती जपून ठेवावी.

लागवड

दोन कलमांत व दोन ओळींत १० फूट अंतर ठेवावे. एका गुंठ्यात साधारण १० कलमे बसतात. मे महिन्यात २ फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन तापू द्यावेत. भरताना वरच्या थरातील माती, दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळावी. खड्डा जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच भरावा, म्हणजे माती बसल्यावर तेथे खळगा होणार नाही.

निचऱ्याच्या जमिनीत मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लागवड करावी. जेथे जुलैत पाणी रेंगाळते तेथे घाई करू नये. मोठा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये लावलेली कलमे चांगली जगतात. जोड जमिनीपासून चार बोटे वर राहिला पाहिजे. आधाराला काठी बांधावी. जोडाखाली येणारे फुटवे दिसताच काढावेत. ते राहिले तर खुंटच वाढतो आणि कलम मरते. असे झाड वाढते जोमाने, पण ते बियांचे असते. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने नारळाच्या झावळीची सावली करावी. पहिल्या वर्षी येणाऱ्या कळ्या खुडून टाकाव्यात. झाडाचा सांगाडा आधी तयार होऊ द्यावा.

आच्छादन, पाणी व खते

जंगलाचे अनुकरण करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आच्छादन. आपण राब भाजण्यासाठी पालापाचोळा गोळा करून जाळतो. शहरात तर झाडलेली पाने कचऱ्यात जातात. तोच पाला आणि भाताचा पेंढा ऑक्टोबरमध्ये आळ्यात चार ते सहा इंच जाडीने पसरावा. पाणी कमी लागते, तण दबते आणि कुजल्यावर खत होते. मात्र खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर बुंधा कुजतो व वाळवीचा उपद्रव वाढतो.

नव्या कलमास उन्हाळ्यात एक दिवसाआड ८ ते १० लिटर आणि वाढलेल्या कलमास दररोज १५ ते २० लिटर पाणी द्यावे. जमिनीनुसार यात बदल करावा. ठिबक सिंचन असल्यास उत्तम. आच्छादन बाजूला करून दोन इंच खालची माती मुठीत दाबावी. गोळा होत असेल तर पाणी देऊ नये.

खते माती परीक्षणानुसार द्यावीत. परीक्षण होईपर्यंत पहिल्या वर्षी प्रत्येक कलमास १०० ग्रॅम १५:१५:१५ मिश्रखत दोन हप्त्यांत, जून व सप्टेंबरमध्ये द्यावे. दरवर्षी तेवढेच वाढवत चौथ्या वर्षी ४०० ग्रॅमवर थांबावे. सोबत दरवर्षी १० किलो शेणखत द्यावे. युरियाचा मोह टाळावा. पाने गर्द होतात, फांद्या लांबतात, पण फुले कमी होतात.

छाटणी

जंगलात शंभर फूट वाढणाऱ्या झाडाला आपल्याला हाताच्या उंचीवर ठेवायचे आहे. कलम दोन-अडीच फुटांचे झाल्यावर शेंडा खुडावा आणि चारही दिशांना चार-पाच फांद्या घ्याव्यात. पुढे झाडाची उंची सहा-सात फुटांवर राखावी. फुले नव्या फुटीवर पानांच्या बेचक्यात येतात. म्हणून थंडीत फुले कमी असताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत शेंड्यांची हलकी छाटणी करावी आणि पाणी सुरू ठेवावे. जाड फांद्या एकदम तोडू नयेत. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी.

महापालिका हद्दीतील शेतकऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार नागरी क्षेत्रात झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वाढलेले झाड काढावयाचे किंवा त्याची मोठी छाटणी करावयाची असेल तर आधी चौकशी करावी.

कीड व रोग

पिठ्या ढेकूण व खवले कीड फांद्यांवर आणि पानांखाली बसून रस शोषतात. त्यांच्यामागे मुंग्या येतात आणि पाने काळी पडतात. प्रादुर्भाव झालेले शेंडे काढून नष्ट करावेत. पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी हे जैविक बुरशीनाशकासारखेच मिळणारे, पण किडीवर चालणारे औषध ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून वापरावे.

नव्या पालवीवर हिरव्या ठिपक्यांच्या काळ्या फुलपाखराच्या अळ्या दिसतात. हीच अळी सीताफळावर आणि आसुपालवावरही असते. थोड्या झाडांवर ती हाताने वेचणे पुरेसे आहे. पानावरील ठिपक्यांसाठी पावसाळ्यापूर्वी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. मूळकुजीवर औषधापेक्षा चर हाच खरा उपाय आहे. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून दिल्यास मदत होते.

हे फूल देवाला वाहतात, केसांत माळतात, नाकाला लावून हुंगतात. तोडणी सुरू असलेल्या झाडावर जहाल कीटकनाशक मारू नये. हा आपला आणि गिऱ्हाइकाचा विश्वासाचा व्यवहार आहे.

तोडणी व विक्री

आता दुसरी अट. सोनचाफ्याची कळी रात्रीतून उमलू लागते. पहाटे, ऊन येण्यापूर्वी, नुकतेच उमलणारे फूल देठासह खुडावे. पाकळीला बोट लागले की तेथे तपकिरी डाग पडतो, म्हणून फूल देठालाच धरावे. पूर्ण फुललेले फूल दुपारपर्यंत मलूल होते. फुलांवर पाणी शिंपडू नये. सावलीत निवडून, मोजून, थोडी हवा ठेवून पिशव्यांत भरावीत आणि टोपलीत किंवा खोक्यात दाबली जाणार नाहीत अशी रचावीत. फुले नगावर, शेकड्याच्या हिशोबाने विकली जातात, वजनावर नव्हे. म्हणून डागाळलेले प्रत्येक फूल म्हणजे सरळ तोटा.

वसईच्या पट्ट्यातील फूलउत्पादक हे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. पहाटेच्या लोकलने फुले दादरच्या बाजारात नेणे हा तेथील घराघरांचा दिनक्रम. तुम्हाला तर दादरशिवाय कल्याण बाजार समितीचा फूलबाजार आणि ठाण्यातील जांभळी नाकाही जवळ आहे. शहराने आपली जमीन घेतली हे खरे, पण गिऱ्हाईकही आपल्या दारात आणून बसवले. दूरच्या शेतकऱ्याला मिळणार नाही असा हा एकच फायदा आहे आणि सोनचाफ्यासारख्या एका दिवसाच्या फुलालाच तो पुरेपूर मिळतो.

मात्र एकाच बाजारावर विसंबू नये. २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद झाल्या, मंदिरे बंद झाली आणि फूलउत्पादकांची फुले झाडावरच राहिली. जवळची देवळे, फुलांच्या पुड्या घरोघरी देणारे, गृहसंकुलातील नेहमीची गिऱ्हाइके अशा दोन-तीन वाटा सुरुवातीपासून ठेवाव्यात.

हिशोब कसा करावा?

कागदावरचे मोठे उत्पन्न दाखवून कलमे विकणारे पुष्कळ भेटतील. त्यांचा हिशोब सणाच्या भावाने केलेला असतो. श्रावण, गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातील गुरुवार या दिवसांत भाव चढतो. पितृपक्षात आणि पावसाच्या भर बहरात तो उतरतो. झाड मात्र सण पाहून फुलत नाही.

समजा, पाच गुंठ्यांत ५० कलमे आहेत आणि हंगामात प्रत्येक कलम दिवसाला सरासरी ८ फुले देते. म्हणजे ४०० फुले, चार शेकडे. बाजारातील मंदीच्या दिवसाचा शेकड्याचा भाव घ्या. त्याला चारने गुणा. त्यातून पिशव्या, प्रवास, आडत वजा करा. पुढे खुडणाऱ्यांची मजुरी वजा करा. ती घरची माणसे असली तरी वजा करा. पहाटे चारला उठून फुले खुडणे, निवडणे हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात. त्यांचे श्रम फुकट धरले तर कोणतेही पीक फायद्याचे दिसते. एवढे करून जे उरेल ते खरे उत्पन्न. मंदीच्या भावातही काही उरत असेल तर हे पीक तुमचे आहे.

माझा सल्ला असा : पहिल्या वर्षी एकाच गुंठ्यात १० कलमे लावावीत. ती फुलू लागली की वर्षभर रोजची फुले व भाव वहीत लिहावेत आणि त्या वहीच्या आधारे बाकीची लागवड करावी. जमिनीच्या मोबदल्याची रक्कम हातात आहे म्हणून एकदम सर्व क्षेत्र लावू नये. अनुदानाच्या योजना बदलत असतात. लागवडीपूर्वीच तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

व्याख्यानानंतर विचारलेले काही प्रश्न

*प्रश्न : झाड सहा वर्षांचे, खूप उंच, पण फूल नाही. काय करावे?*

उत्तर : ते बियांचे असावे किंवा जोडाखालचा फुटवा वाढलेला असावा. आणखी दोन-चार वर्षे थांबण्याची तयारी असेल तर ठेवा. फुलांच्या शेतीसाठी मात्र शेजारी नवे कलम लावा.

*प्रश्न : नवी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात.*

उत्तर : हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. चुनखडीच्या भरावावर किंवा पाणी साचणाऱ्या जागी असे होते. आधी निचरा सुधारा व शेणखत द्या. नंतर चिलेटेड लोहाची फवारणी करा. जुनी पाने थोडी पिवळी होऊन गळणे मात्र नैसर्गिक आहे.

*प्रश्न : नारळाच्या बागेत चालेल का?*

उत्तर : उंच, जुन्या बागेत, जेथे दिवसातून चार-पाच तास ऊन खाली येते, तेथे चालेल. दाट सावलीत झाड वाढते, फुलत नाही. आंब्याच्या घेराखाली लावू नये.

*प्रश्न : जमीन उरलीच नाही. गच्चीवर पिंपात लावले तर?*

उत्तर : तळाला भोके पाडलेल्या शंभर लिटरच्या पिंपात कलम चांगले वाढते. घरच्या देवापुरती फुले मिळतील. उन्हाळ्यात रोज पाणी द्यावे लागेल आणि दर दोन वर्षांनी वरची माती बदलावी लागेल.

जमीन पाहून, पाणी तपासून आणि पहाटे उठण्याची घरातील सर्वांची तयारी आहे ना, हे विचारून मगच कलमे आणावीत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.